पाटी नसलेलं नौपाड्यातलं डीटीपीचं दुकान आणि आमच्या बँडचं प्रेस किट

ठाण्यात, गोखले रोड आणि राम मारुती रोड यांना जोडणाऱ्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर हे दुकान आहे. बाहेर पाटी नाही. इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून ती उतरवून आत कपाटामागे उभी करून ठेवली आहे. काचेवर ‘डीटीपी, झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका’ एवढी लाल अक्षरं तेवढी शिल्लक आहेत. नवी जागा पक्की होईपर्यंत नाव-नंबर कुठे टाकू नकोस असं दुकानाच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, बजावलंय, म्हणून टाकत नाही. पण काम काय झालं, कसं झालं, कुठे अडलं हे सविस्तर लिहिते आहे. स्वतःची गाणी करणाऱ्या बँडसाठी प्रेस किट, म्हणजे पेपरवाल्यांना आणि आयोजकांना पाठवायचा परिचय-फोटोंचा संच, कोण करून देतं हे शोधताना मला मराठीत काही म्हणजे काही सापडलं नव्हतं. हे वाचून तुम्ही तुमच्या घराजवळच्या डीटीपीवाल्याकडूनही असं काम करून घेऊ शकाल.

आम्ही चौघं. मी कळव्याची, गाते आणि कीबोर्ड वाजवते, दिवसा महापेला नोकरी. गिटारवाला ऐरोलीचा, बेसवाला कोपरखैरण्याचा, आणि ढोलकी-कहोन (कहोन म्हणजे वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) सांभाळणारा खारीगावचा. त्याच्याच ओळखीने एका क्लासची खोली शनिवारी रात्री सरावाला मिळते. गाणी सगळी मराठी आणि एक सोडलं तर शब्दही आमचेच.

याआधी आमचं एक किट होतं. एका एजन्सीकडून करून घेतलेलं. चौदा पानं, काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरं, सगळं इंग्रजीत, ४८ एमबीची पीडीएफ, १२,००० रुपये. जीमेलने २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडून जात नाही, म्हणून आम्ही ड्राइव्हची लिंक पाठवायचो, आणि उघडणाऱ्याला आधी परवानगी मागावी लागायची. दिवाळी पहाटेच्या एका कार्यक्रमासाठी मंडळाच्या सचिवांना ती लिंक गेली होती. कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी त्यांचा फोन आला, "ताई, तुमची माहिती मराठीत चार ओळींत पाठवता का? आणि एक फोटो." मी ठाणे स्टेशनात दहा नंबरवर वाशी गाडीची वाट बघत उभी होते. तिथेच अंगठ्याने चार ओळी टाइप केल्या, व्हॉट्सअॅपवर सापडला तो फोटो पुढे ढकलला. पहाटे पावणेसहाला मंचामागे उभी राहून मी निवेदकाला आमच्या बँडचं नाव चुकीचं उच्चारताना ऐकलं. मागच्या फ्लेक्सवर आमचे चौघांचे चेहरे ओळखू येत नव्हते. माझी आई पहिल्या रांगेत होती. तिने काही विचारलं नाही, पण मला फार लागलं. बारा हजार रुपये आणि चौदा पानं खर्ची घालून त्या सचिवांना हवं होतं तेच आमच्याकडे नव्हतं.

नौपाड्यातल्या या दुकानात मी बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका छापल्या होत्या. काकांच्या वडिलांचा छापखाना होता. गडकरी रंगायतन हे ठाण्यातलं नाट्यगृह १९७८ साली सुरू झालं, तेव्हापासून तिथल्या कार्यक्रमांची हँडबिलं त्यांच्याकडे होत. काकांनी छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली आणि आता पासष्टी ओलांडल्यावर संगणकासमोर बसतात. बरीचशी मांडणी त्यांची सून करते, तिला सगळे वहिनीच म्हणतात. नाटकाची हँडबिलं केलेला माणूस आपलं काम समजून घेईल, एवढ्याच भरवशावर मी गेले.

पेनड्राइव्हमध्ये जुनी पीडीएफ, ऐंशीएक फोटो आणि तीन गाण्यांच्या वेव्ह (पूर्ण दर्जाच्या, मोठ्या) फाइल्स होत्या. काकांनी पेनड्राइव्ह बाजूला ठेवला. एका चुकीच्या छापल्या गेलेल्या पत्रिकेचा पाठकोरा कागद घेतला आणि विचारलं, "हे कोणाकोणाच्या हातात जाणार? नाव नको, माणूस सांग."

मी सांगत गेले. पेपरच्या पुरवणीतला उपसंपादक. मंडळाचा किंवा सोसायटीच्या सांस्कृतिक समितीचा सचिव. निवेदक. फ्लेक्सवाला. साउंडवाला.

"यातल्या प्रत्येकाला काय लागतं?"

इथे मी अडखळले, कारण आम्ही कधी त्या बाजूने विचारच केला नव्हता. आम्ही आमच्याबद्दल काय सांगायचं हेच ठरवत बसलो होतो. काकांनी त्या पाच माणसांपुढे पाच रकाने केले आणि म्हणाले, "यांच्यातल्या एकालाही तुला फोन करावा लागला तर आपलं काम चुकलं."

पुढे अकरा दिवस या एका वाक्यावर काम चाललं. कोणताही वाद झाला की तो कागद पुढे यायचा.

सगळ्यात जास्त वेळ मजकुरावर गेला, आणि तो जायलाच हवा होता. माझा परिचय सहाशे शब्दांचा होता. वहिनींनी तो मला मोठ्याने वाचायला लावला. तिसऱ्या परिच्छेदाला माझाच दम लागला. काकांनी लाल पेनने विशेषणांभोवती गोल केले: अनोखा, आगळावेगळा, तरुणाईचा लाडका, अशी सात निघाली. प्रत्येकावर बोट ठेवून ते विचारायचे, "म्हणजे काय?" ‘अनोखा’ म्हणजे काय, तर आमच्याकडे ड्रमसेट नाही, ढोलकी आणि बेस गिटार यांच्यावर ताल उभा राहतो. "मग तेच लिही की." शेवटी तीन परिचय झाले. एक फक्त एका ओळीचा: ठाणे-नवी मुंबईतल्या चार जणांचा, खाडीकाठच्या रोजच्या जगण्यावर मराठी गाणी करणारा बँड. दुसरा पन्नास शब्दांचा, ज्यात कुठले, कसं संगीत आणि सध्या काय नवीन एवढंच. तिसरा दीडशे शब्दांचा, त्यात कुठे कुठे वाजवलं ते आणि कोण काय करतं ते. पुरवणीत चौकट किती मोठी मिळेल हे आपल्याला माहीत नसतं. तीन मापं तयार असली की उपसंपादक त्यातलं बसेल ते उचलतो. आपण दीडशे शब्द पाठवले आणि जागा पन्नासाचीच असली, तर कात्री त्याच्या हातात जाते आणि नेमकं हवं तेच वाक्य उडतं.

आता दुकानाची पहिली चूक, आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने ही लक्षात ठेवावी. वहिनींनी सगळा मजकूर त्यांच्या नेहमीच्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवला होता. डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं जे फॉन्ट वापरले जातात त्यातले कितीतरी युनिकोडचे, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर तेच अक्षर दिसेल अशा प्रमाण पद्धतीचे, नसतात. आत रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि वर देवनागरीचा मुखवटा. छापायला उत्तम, कारण कागदावर अक्षर उमटलं की काम झालं. पण मला आलेली पीडीएफ घरी उघडून त्यातला एक परिच्छेद मी कॉपी करून मेलमध्ये चिकटवला, तर कंस, टक्के आणि रोमन अक्षरांची खिचडी आली. दुसऱ्या पानावर तर मजकूर निवडताच येईना, कारण कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांच्या आकृत्या करून टाकल्या होत्या. छापखान्यात फॉन्ट नसला तरी अडू नये म्हणून तसं करतात. म्हणजे उपसंपादकाला आमचा परिचय छापायचा असता तर सगळा पुन्हा टाइप करावा लागला असता. तो कशाला करेल?

मी दुसऱ्या दिवशी मोबाइलवर हे दाखवलं. वहिनी एक शब्दही न वाद घालता म्हणाल्या, "ताई, पत्रिकेत कोणी कॉपी करत नाही ना, म्हणून डोक्यातच आलं नाही." मग कन्व्हर्टरने युनिकोड केलं. तिथे दुसरा घोळ. ‘किनाऱ्यावर’चं ‘किनार्यावर’ झालं, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’. कन्व्हर्टरला ऱ्य कळला नाही. शेवटी काकांनी पूर्ण मजकूर युनिकोडमध्ये हाताने टाइप करून घेतला आणि स्वतः चष्मा लावून, पट्टी ठेवून, ओळ न् ओळ तपासला. ऱ्हस्व-दीर्घाच्या नऊ चुका माझ्या होत्या, त्याही काढल्या. आता तो मजकूर साध्या वर्ड फाइलमध्ये वेगळा आहे आणि मेलच्या अंगातही चिकटवता येतो. दिसायला अगदी साधा आहे, पण माझ्या मते आख्ख्या किटमधला सगळ्यात उपयोगी कागद तोच.

बँडचं नाव मात्र कुठल्याच फॉन्टमध्ये नको असं काकांचं म्हणणं पडलं. बऱ्याच फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. आपला ल पाकळीचा, आपला श देठाचा. काकांनी ते नाव बोरूने लिहिलं, चार-पाच कागद टाकले, सहावा ठेवला. मग स्कॅन करून वहिनींनी त्याच्या कडा रेषांनी बांधल्या, म्हणजे ते व्हिजिटिंग कार्डाएवढं करा किंवा दहा फुटी करा, फाटत नाही. पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल वेगळी दिली. एक पांढऱ्या अक्षरांची, एक काळ्या. गडद फ्लेक्सवर काळं नाव टाकून मोकळे होणारे लोक आम्ही पाहिले आहेत, त्यामुळे दोन्ही हव्यातच.

निवेदकाचा कागद ही काकांची स्वतःची कल्पना, आणि मला ती अजून कुठे दिसलेली नाही. छापायचा परिचय आणि बोलायचा परिचय वेगळा असतो, हे त्यांना नाटकवाल्यांमुळे ठाऊक. कागदावर फक्त चार ओळी, मोठ्या टाइपात, दोन ओळींत भरपूर जागा, कारण विंगेत उजेड नसतो. ओळ तिथेच तोडलेली जिथे श्वास घ्यायचा. कंस नाही, संक्षेप नाही, आकडा असलाच तर अक्षरी. बँडच्या नावातलं जोडाक्षर खाली फोडून दाखवलेलं. आणि माणसांची नावं मुद्दाम वगळलेली; ती गाण्यांच्या मध्ये आम्हीच सांगतो. हा कागद मी घरी आईला वाचायला दिला. तिने एकदाही न अडखळता वाचला.

फोटोंच्या बाबतीत मला वाईट वाटलं, पण काकांचं बरोबर होतं. ऐरोलीच्या खाडीकाठी संध्याकाळी काढलेला एक फोटो आमचा लाडका होता. पाणी, तिवरं, मागे पुलाची रेघ. त्यात आम्ही चौघं मिळून बोटभर. पेपरात दोन कॉलमांत तो आला असता तर चार काळे ठिपके दिसले असते. ऐंशीतून तीन निवडले: एक आडवा, एक उभा आणि एक साध्या भिंतीसमोरचा, ज्यातून फ्लेक्सवाल्याला माणसं कापून घेता येतील. वहिनींनी गणित समजावलं ते इथे देते, कारण हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, धरलं तर तो २० इंच रुंद छापता येतो. तोच व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, म्हणजे सव्वापाच इंच. फ्लेक्स लांबून बघायचा असल्याने तिथे कमी डीपीआय चालतं, पण इतकं कमी नाही. आमच्या दिवाळी पहाटेच्या चेहऱ्यांचं काय झालं होतं ते तेव्हा कळलं. व्हॉट्सअॅपवर पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून जोडायचा, मग तो आहे तसा जातो.

प्रत्येक फोटोच्या फाइलला आमच्या बँडचं नाव, आडवा की उभा आणि फोटोग्राफरचं नाव दिलं. सोबत ओळी: डावीकडून कोण कोण. फोटो काढणारा आमचा मित्र आहे, पैसे घेतले नव्हते, तरी त्याच्याकडून ‘प्रसिद्धीसाठी वापरायला परवानगी आहे’ एवढं मेलवर लिहून घ्यायला काकांनी लावलं. तसंच गाण्यांच्या यादीचं. आमचं जे एक गाणं दुसऱ्याच्या शब्दांवर आहे ती एक कविता आहे. "कवी कोण? हयात आहेत? परवानगी कुठंय?" असं त्यांनी विचारलं. कवीच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क चालतो, हे पुस्तकं जुळवलेल्या माणसाला पाठ. परवानगीचं पत्र आमच्याकडे होतं, फक्त कवीचं नाव यादीत बारीक होतं. आता प्रत्येक गाण्यापुढे गीत आणि संगीत सारख्याच टाइपात आहे.

गाणी ऐकवण्याचा भाग आम्हीच केला, दुकानाचा त्यात संबंध नाही. थोडक्यात सांगते: वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी खाते, मेलला जोडू नका. लगेच वाजेल अशी लिंक द्या, तीनच गाणी, सगळ्यात चांगलं आधी. रेडिओवाल्यांसाठी वेगळ्या फोल्डरमध्ये वेव्ह आणि चांगल्या दर्जाची (३२० केबीपीएस) एमपीथ्री ठेवा, आणि फोल्डर ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडेल असं करून दुसऱ्याच्या फोनवरून तपासा.

क्यूआर कोडपाशी दुकान दोनदा घसरलं. पहिल्यांदा तो गडद लालवर सोनेरी छापला, पत्रिकेवर शोभतो तसा. सुंदर दिसत होता, पण चारपैकी तीन फोन तो वाचायला तयार नव्हते. मग पांढऱ्यावर काळा केला, भोवती पांढरी चौकट सोडली, अडीच सेंटिमीटरचा. दुसरी चूक जास्त गंभीर. कोड एका फुकटच्या साइटवर बनवला होता, आणि बारा दिवसांनी तो उघडला की त्या साइटची वर्गणीची पाटी येऊ लागली. कोडमध्ये आमचा पत्ता नव्हताच, त्यांचा मधला पत्ता होता. तोवर पंचवीस प्रती आतल्या पानासकट तयार होत्या. वहिनींनी थेट आमच्या पानाचा पत्ता घालून नवा कोड केला आणि ती पंचवीस पानं स्वतःच्या खर्चाने पुन्हा छापून दिली. मी पैसे देऊ केले, घेतले नाहीत. तुम्ही कुठेही कोड करून घ्या, आत कोणता पत्ता आहे ते आधी वाचून बघा.

साउंडवाल्याच्या पानावर मी या दुकानाला फार गुण देणार नाही. मंचाचा नकाशा मी पेन्सिलने काढून दिला होता: कोण कुठे उभं, कोणाला कोणता माइक, कीबोर्डला दोन डीआय (वाद्याचा आवाज थेट मिक्सरला नेणारी डबी), बेसला एक, ढोलकीला दोन माइक, कहोनला एक, चार मॉनिटर (आम्हाला आमचा आवाज ऐकू येण्यासाठीचे स्पीकर), वीज कुठे हवी. वहिनींनी कहोनच्या जागी पूर्ण ड्रमसेटचं चित्र टाकलं, कारण त्यांच्या चित्रसंग्रहात तेच होतं. एखाद्या साउंडवाल्याने ते बघून आठ माइक आणले असते. शिवाय डावं-उजवं उलटं झालं. आम्ही मंचावरून प्रेक्षकांकडे बघत बोलतो, त्या कागदाकडे समोरून बघत होत्या. शेवटी चित्रं काढून साध्या चौकोनांत नावं लिहिली आणि खालच्या बाजूला ठळक ‘प्रेक्षक’ असं टाकलं. चॅनेलची यादी मी स्वतः केली. हे पान तुमच्या साउंडच्या माणसासोबतच बसून करा, डीटीपीवाल्यावर सोडू नका.

आता कागद. सगळं मोबाइलवर जात असताना छापील किट कशाला, असं आमच्या बेसवाल्याचं मत होतं. पण मंडळाच्या बैठकीत सात-आठ माणसं टेबलाभोवती बसतात आणि त्यांच्यात एक कागद फिरतो, हे मी पाहिलंय. काकांनी त्यासाठी पत्रिकेचीच रीत वापरली. लग्नात कव्हर एक असतं आणि आतला कागद मुलाकडचा वेगळा, मुलीकडचा वेगळा. तसंच आमचं कव्हर ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड, आर्ट कार्डाचं, मॅट लॅमिनेशन, आत खाच. त्यावर फक्त बँडचं नाव आणि एक फोटो, ज्यात वाद्यं आहेत, चेहरे नाहीत. शंभर प्रती एकदाच. आतलं दुमडलेलं पान मात्र डिजिटल छपाईचं, लागेल तेव्हा दहा-दहा काढायचं. "बँड म्हटल्यावर माणसं बदलणार, गाणी वाढणार," काका म्हणाले, "कव्हरवर तारीख नको, नावं नकोत." मला तेव्हा ते थोडं टोचलं. आम्ही चौघं काही बदलणार नव्हतो.

खर्च असा: मजकूर, मांडणी आणि सगळ्या डिजिटल फाइल्स ३,५०० रुपये. नावाचं अक्षरलेखन १,२००. शंभर कव्हरं २,८००. आतलं पान प्रतीला २४ रुपये, म्हणजे पहिल्या दहाचे २४०. एकूण ७,७४०. पावती मागितल्यावर मिळाली. मेलने जाणारी पीडीएफ दोन पानांची आहे आणि दीड एमबीची.

वेळेबाबत तक्रार आहे. चार दिवस सांगितले होते, अकरा लागले. मी गेले ते तुळशीचं लग्न झाल्यावर, म्हणजे पत्रिकांचा हंगाम सुरू होताना. दुकानात वधूपित्यांची रांग, आणि आमचं काम दुपारी दोन ते चारच्या मध्ये व्हायचं. मला दोनदा अर्धा दिवस रजा टाकावी लागली. काकांनी आधीच खरे दिवस सांगितले असते तर मी त्या हिशेबाने गेले असते. लग्नसराईत जाऊ नका, पितृपक्षात जा. तेव्हा दुकान मोकळं असतं, आणि नवरात्र-दिवाळीच्या कार्यक्रमांसाठी तुमचं किटही वेळेत तयार होतं.

हे नवं किट आम्ही अकरा ठिकाणी पाठवलं. तिघांचं उत्तर आलं, दोन कार्यक्रम ठरले, त्यातला एक वाशीला. एका पुरवणीने पन्नास शब्दांचा परिचय जवळजवळ जसाच्या तसा छापला, ‘किनाऱ्यावर’मधल्या ऱ्यसकट, आडव्या फोटोखाली डावीकडून चौघांची नावं बरोबर. छापून येईपर्यंत मला कळलंही नव्हतं. कोणाचाच फोन आला नव्हता.

गेल्या महिन्यात आमचा गिटारवाला नोकरीसाठी बेंगळुरूला गेला. नवा मुलगा नेरुळचा आहे. मी शनिवारी सकाळी दुकानात गेले तेव्हा काका काही बोलले नाहीत, वहिनींना फक्त "बँडची फाइल काढ" म्हणाले. आतल्या पानावरचं एक नाव बदललं, दीडशे शब्दांतली एक ओळ बदलली, साउंडच्या पानावर एक डीआय वाढला. कव्हर तसंच, निवेदकाचा कागद तसाच. पाऊण तास लागला. दहा पानांचे २४० आणि दुरुस्तीचे ६०. चौघांचा नवा फोटो तेवढा राहिलाय. तो रविवारी सकाळी सातला मासुंदा तलावाच्या काठी काढायचा आहे, ऊन चढायच्या आत, उभा आणि आडवा दोन्ही.